पोवाड्यात न आलेला पराक्रम

परवा दहावीत शिकणारा भाचा वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीसाठी माझ्याकडे आला होता. विषय नेहमीचाच, कोवळ्या वयातले थोर पुरुष. त्याने टिपणे काढून आणली होती. पंधराव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव, सोळाव्या वर्षी तोरण्यावर तोरण बांधणारे शिवराय, सोळा वर्षांचा अभिमन्यू. मी उच्चार तपासले, एकदोन ठिकाणी वाक्ये सुटी करून दिली. सगळे झाल्यावर वही मिटता मिटता तो म्हणाला, ''मामा, हे सगळे माझ्याच वयाचे. पण ह्यांच्यातला एकही माझ्यासारखा नाही.''

त्या क्षणी मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे काय असते ते आपण सगळे जाणतो, कारण आपण ते वय काढलेले आहे. अंगात ताकद आलेली असते आणि ती कुठे वापरावी ते कळत नसते. कोणी 'तुला जमणार नाही' म्हटले की डोके फिरते. अपमान चटकन लागतो, आणि लागला की महिनोन् महिने आत धुमसत राहतो. असा मुलगा नायक म्हणून आपल्या कथांत फारसा का भेटत नाही? विचार करता करता एका जुन्या पुस्तकाची आठवण झाली. कपाटाच्या मागच्या रांगेतून ते काढले आणि दोन रात्रींत पुन्हा वाचून काढले. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

पुस्तकाचे नाव 'अ विझार्ड ऑफ अर्थसी'. लेखिका अर्सुला ल ग्विन. 1968 साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील पार्नासस प्रेस ह्या छोट्या प्रकाशन संस्थेने ते काढले. लेखिकेची त्याआधीची पुस्तके मोठ्यांसाठी, विज्ञानकथांच्या अंगाने जाणारी होती. 1967 साली पार्नाससच्या प्रकाशकाने तिला विचारले, जरा मोठ्या मुलांसाठी काही लिहिशील का? विषय, आकार, सगळे तुझ्या मर्जीने. तिला आधी धास्ती वाटली, कारण अशा वाचकांसाठी तिने कधी लिहिले नव्हते. मग ती एका साध्या प्रश्नाशी येऊन थांबली. गोष्टीतले जादूगार नेहमी म्हातारे आणि पांढऱ्या दाढीचे असतात. आर्थर राजाचा मर्लिन तसा, टोल्किनचा गॅन्डाल्फ तसा. पण हे लोक म्हातारे होण्यापूर्वी कसे होते? एवढी भयंकर विद्या एखाद्या पोराच्या हाती असताना काय झाले असेल? ह्या प्रश्नातून कादंबरी उभी राहिली.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये इंग्लंडात आली होती, पण अमेरिकेत ती स्वस्त कागदी बांधणीत 1965 साली निघाली आणि कॉलेजच्या पोरांनी डोक्यावर घेतली. तिचा नायक फ्रोडो मोहिमेवर निघतो तेव्हा पन्नाशीला आलेला असतो. सी. एस. लुइसच्या नार्नियातली मुले खरोखरच लहान मुले आहेत. ह्या दोहोंच्या मधले वय, म्हणजे माझ्या भाच्याचे वय, मोकळेच पडले होते. 1967 साली एस. ई. हिन्टन ह्या तरुण मुलीने 'द आउटसायडर्स' ही भांडखोर पोरांची वास्तववादी कादंबरी लिहिली आणि त्या वयाच्या वाचकाला प्रथमच आपला चेहरा पुस्तकात दिसला. पुढच्याच वर्षी ल ग्विनबाईंनी अद्भुताच्या प्रदेशात तेच काम केले. पोरवयातला खरा राग, खरा अहंकार आणि खरी लाज घेऊन एक मुलगा जादूच्या जगात आला.

त्याचे नाव गेड. पण हे नाव मी एवढ्या सहज लिहिले ते त्याच्या जगात चालणार नाही. अर्थसी म्हणजे शेकडो बेटांचा समुद्री मुलूख. तिथे प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरे नाव असते, आणि ज्याला ते नाव ठाऊक त्याची त्या वस्तूवर, त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून खरे नाव कोणी सांगत नाही. रोजच्या वापराला दुसरे नाव असते. आपल्याला ही कल्पना फार परकी वाटू नये. नावरस नाव म्हणून एक नाव पत्रिकेत असते आणि व्यवहारात वेगळेच, हे आपण घरोघरी पाहिलेले आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्याच्या आडोशाने घ्यायचे, ही रीत आपल्या आज्यांनी पाळलेली आहे. नावात काहीतरी शक्ती आहे, ते उघड्यावर टाकू नये, ही जाण फार जुनी आहे.

ल ग्विनबाईंच्या घरी ह्या जाणिवेला एक चेहराही होता. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे बर्कलीच्या विद्यापीठातले नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. 1911 साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा, उपाशी आदिवासी माणूस सापडला. याही जमातीतला तो शेवटचा. बाकीचे सारे गोऱ्यांच्या हत्याकांडांत आणि उपासमारीत संपले होते. क्रोबरनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणले. लोक नाव विचारू लागले, पण त्याच्या लोकांत परक्याला स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगत नसत. शेवटी क्रोबरनी त्याला 'इशी' म्हणायला सुरुवात केली. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. 1916 साली क्षयाने तो वारला. त्याचे खरे नाव त्याच्याबरोबरच गेले. ल ग्विनबाईंचा जन्म 1929 चा, म्हणजे त्यांनी इशीला पाहिलेले नाही. पण त्यांच्या आईने, थिओडोरा क्रोबर यांनी, 1961 साली इशीचे चरित्र लिहिले आणि ते जगभर गाजले. त्या घरातल्या मुलीने सात वर्षांनी खऱ्या नावांवर कादंबरी लिहिली. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही. पण नाव सांगणे म्हणजे दुसऱ्याच्या हाती जीव देणे, ही गोष्ट ज्या घरात माहीत होती तिथेच ही लेखिका वाढली, एवढे खरे.

आता मुलगा. गॉन्ट नावाच्या डोंगराळ बेटावर, बकऱ्या राखणाऱ्यांच्या गावात तो जन्मतो. वर्षाचा व्हायच्या आत आई जाते. बाप गावचा कासार-लोहार, कमी बोलणारा, हात उगारणारा. थोरले भाऊ केव्हाच घर सोडून गेलेले. प्रेमाने वाढवायला कोणी नाही, म्हणून पोर रानगवतासारखे वाढते, उंच, चपळ, मोठ्या आवाजाचे आणि गर्विष्ठ. गावात जादूटोणा जाणणारी मावशी असते. पोराने नुसते ऐकलेले शब्द म्हटले आणि बकऱ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या, हे पाहिल्यावर ती त्याला शिकवू लागते. तो ससाण्यांना हाक मारून हातावर उतरवतो, म्हणून त्याचे चालते नाव 'स्पॅरोहॉक', म्हणजे आपला ससाणा. बारा वर्षांचा असताना परदेशी लुटारू गावावर चालून येतात, तेव्हा तो धुके उभारून सारे गाव झाकतो आणि वाचवतो.

अद्भुत कथेच्या नेहमीच्या नायकाला एवढे पुरते. ल ग्विनबाईंची गोष्ट मात्र इथून सुरू होते. धुक्याच्या त्या पराक्रमाने मुलाला कळते की आपण इतरांपेक्षा वेगळे आहोत, आणि ते कळणे हेच त्याचे दुखणे होऊन बसते.

त्याला पहिला गुरू भेटतो तो ओजियन. भूकंप शमवलेला मोठा सिद्ध, पण लोक त्याला ओळखतात ते मौनी म्हणून. तेराव्या वर्षी तोच मुलाला नदीच्या गार पाण्यातून चालवून खरे नाव देतो आणि शिष्य म्हणून बरोबर नेतो. मुलाला वाटते, आता विद्या मिळणार. ओजियन मात्र नुसता चालत राहतो. पाऊस येतो. साधा गावठी जादूगारही ढगाला बाजूला सारून दुसऱ्याच्या अंगणात पाठवतो, पण हा एवढा मोठा सिद्ध झाडाखाली भिजत झोपतो. मुलगा मनातल्या मनात चरफडतो, असली विद्या काय कामाची? रस्त्याकडेच्या एका साध्या रोपाकडे बोट दाखवून गुरू त्याचे नाव सांगतो. मुलगा विचारतो, ह्याचा उपयोग काय? गुरू म्हणतो, माझ्या माहितीत काही नाही. मग तो समजावतो की ह्या रोपाचे मूळ, पान, फूल सगळ्या ऋतूंत ओळखशील तेव्हा ते काय आहे ते तुला कळेल, आणि हे कळणे उपयोगापेक्षा मोठे आहे. पंधरा वर्षांच्या मुलाशी बोललेल्या प्रत्येक बापाला, मामाला, मास्तराला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. आपण म्हणतो थांब, आणि त्याला ऐकू येते की हा मला अडवतो आहे.

शेवटी ओजियन त्यालाच निवड करू देतो. इथे राहा किंवा रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात जा. मुलाचे गुरूवर प्रेम जडलेले असते, पण कीर्तीची भूक त्याहून मोठी असते. तो रोकला जातो. ज्या जहाजातून जातो त्याचे नाव 'सावली' आहे, हे वाचक लगेच विसरतो आणि पुढे त्याला ते आठवते.

हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक 1997 साली आले. त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी हे विद्यालय ल ग्विनबाईंनी उभारले होते. नऊ विद्यांचे नऊ आचार्य आणि त्यांच्यावर महाआचार्य. तिथे शिकवतात ती मुख्य गोष्ट म्हणजे तोल. एका खड्याचा खरोखर हिरा करायचा तर जगातला एक खडा कमी होतो, हे विसरू नको. दिवा लावलास की कुठेतरी सावली पडणारच. ल ग्विनबाईंवर लाओत्सेच्या विचारांची छाप होती. वडिलांच्या संग्रहातले 'ताओ ते चिंग' त्यांनी लहानपणीच पाहिले होते, आणि 1997 साली त्यांनी स्वतःचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले. पण गेडला हा तोल पाठ होतो, पटत नाही. हुशार पोरांचे असेच असते. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळतात आणि आतले जसेच्या तसे राहते.

रोकवर त्याला दोन मुले भेटतात. जॅस्पर हा मोठ्या घरचा, रीतभात जाणणारा, गोड बोलून टोचणारा. बकऱ्या राखणारा म्हणून तो गेडला हिणवतो, तेही इतक्या नाजूकपणे की उत्तर देता येऊ नये. दुसरा व्हेच. पूर्वेकडच्या बेटावरचा, काळ्या वर्णाचा, साधा, खाण्यापिण्यात रमणारा, मनाने भक्कम. एका उत्सवाच्या रात्री जॅस्परच्या बोलण्याने गेडचा तोल जातो. काय करून दाखवू, सांग! मेलेल्याला बोलावतोस? बोलावतो. पंधरा-सोळा वर्षांचा तो पोर टेकडीवर उभा राहून हजार वर्षांपूर्वी मेलेल्या सुंदर राणीला हाक मारतो. ती क्षणभर दिसतेही. पण तेवढ्यात जगाचे कापड फाटते, त्या फटीतून एक काळी, आकार नसलेली गोष्ट उडी मारते आणि त्याच्या चेहऱ्याला पंजे लावते. म्हातारा महाआचार्य धावत येऊन ती फट बुजवतो आणि त्यात आपला जीव खर्ची घालतो. गेड जगतो. गालावर व्रण कायमचे राहतात.

इथे मला थोडे स्वतःचे सांगावे लागेल. ह्या पानावर मी दरवेळी थांबतो त्याचे कारण पुस्तकाबाहेरचे आहे.

आमच्या गावात खाजन शेतीच्या बांधावर एक मानस होती. नदीचे पाणी आत-बाहेर सोडणारे लाकडी दार आणि त्याभोवतीचे चिऱ्यांचे बांधकाम. भरतीच्या वेळी आम्ही पोरे तिच्यावरून नदीत उड्या मारायचो. ओहोटीला मात्र तिथे जायची सक्त मनाई होती, कारण दारातून पाणी जोरात ओढले जाते आणि खालचे दगड वर येतात. मी तेव्हा पंधराचा. चवथीच्या सुट्टीत मावसभाऊ आला होता, अकरा वर्षांचा, माझ्या मागेमागे फिरणारा. ओहोटी लागली होती. मोठ्या पोरांतला एक मला काहीतरी लागट बोलला. मी उडी मारली आणि वर आलो. मग वरच्या पोरांपुढे ऐट दाखवायला मी त्या लहानग्याकडे वळून म्हणालो, ''तुला नाही जमणार, तू आईच्या पदराला धर.'' त्याने उडी मारली. दगडावर आपटून कोपराचे हाड मोडले. हाडवैद्याकडे, मग इस्पितळात नेले, पण तो हात आजही पुरता सरळ होत नाही.

घरी विचारणा झाली. पाय घसरला, असे तो म्हणाला. मी मान डोलावली.

आता पुन्हा गेडकडे. ह्या प्रसंगानंतर ल ग्विनबाईंनी जे केले आहे त्यात ह्या कादंबरीचा मोठेपणा आहे असे मला वाटते. पहिली गोष्ट म्हणजे त्या जॅस्परवर दोष टाकत नाहीत. जॅस्पर कथेतून जवळजवळ नाहीसाच होतो, त्याला शिक्षा होताना आपल्याला दाखवली जात नाही. टोचणारा टोचून गेला, पण हाक मारली ती गेडने. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मुलाला झटकन सुधारून टाकत नाहीत. महिनोन् महिने तो अंथरुणाला खिळतो. उठतो तेव्हा चलाखी गेलेली असते. पूर्वी एका क्षणात येणारे मंत्र आता अडखळतात, त्याच्याहून लहान पोरे पुढे जातात. स्वतःच्या ताकदीचीच त्याला भीती वाटू लागते. ह्याच काळात व्हेच, रोक सोडून जाताना, न मागता त्याला आपले खरे नाव सांगतो. ज्याच्या हातून असा अनर्थ झाला त्याच्याच हाती आपला जीव देतो. मैत्रीचा याहून साधा आणि याहून मोठा प्रसंग मी फार थोड्या पुस्तकांत वाचला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे स्वभावातला बदल त्या उपदेशातून न दाखवता निवडींतून दाखवतात. गेड शिक्षण संपवून एका गरीब कोळी वस्तीत नोकरी पत्करतो. होडी बांधणारा एक शेजारी मित्र होतो आणि त्याचा लहानगा तापाने मरू लागतो. वैद्यविद्येचा नियम असतो की मरणाऱ्याच्या मागे फार दूर जाऊ नये. गेड तो नियम मोडून मृत्यूच्या प्रदेशात त्या मुलामागे धावतो आणि हाती काही लागत नाही. नियम पुन्हा मोडला, पण ह्या वेळी गर्वाने नाही, मायेने. पुढे तो पेन्डॉर बेटावरच्या म्हाताऱ्या ड्रॅगनसमोर एकटा उभा राहतो. जुन्या इतिहासावरून त्याने ड्रॅगनचे खरे नाव ताडलेले असते, म्हणून तो त्याला बांधू शकतो. धूर्त ड्रॅगन सौदा मांडतो. तुझ्यामागे लागलेल्या त्या सावलीचे नाव तुला सांगतो. ते नाव कळले तर गेड सुटेल. पण एका ड्रॅगनकडून एकच वचन घेता येणार, आणि तो वस्तीला वाचवायला आलेला असतो. स्वतःची सुटका बाजूला ठेवून तो वचन मागतो की ड्रॅगनांनी त्या बेटांकडे कधी फिरकू नये. टेकडीवर मिरवण्यासाठी हाक मारणारा पोर तो हाच. लेखिका कुठेही म्हणत नाही की आता हा शहाणा झाला. वाचकाला ते आपसूक कळते.

तरी सावली मागे असतेच. तो पळतो आणि जितका पळतो तितकी ती बळावते. शेवटी थकून तो ससाण्याच्या रूपात उडत जुन्या गुरूच्या मनगटावर येऊन बसतो. ओजियन त्याला माणसात आणतो आणि सल्ला देतो तो एवढाच की मागे वळ. जी तुझ्यामागे धावते तिच्यामागे तू धाव. मग शिकारच शिकाऱ्याचा पाठलाग करू लागते. व्हेच आपणहून होडीत बसतो. नकाशावरचे शेवटचे बेट मागे टाकून दोघे उघड्या समुद्रात जातात. जगाच्या त्या टोकाला गेड सावलीसमोर उभा राहतो, तिचे नाव उच्चारतो आणि त्याच क्षणी सावलीही त्याचे नाव उच्चारते. दोन्ही नावे एकच असतात, गेड.

लढाई होत नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. आपल्या हातून झालेले वाईट दुसऱ्या कोणाचे नव्हते, ते आपलेच होते, एवढे तो कबूल करतो आणि पुरा होतो. अनेकांनी ह्यात मानसशास्त्रज्ञ युंगची 'सावली' पाहिली. ल ग्विनबाईंनी पुढे सांगितले की कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी युंग वाचलेला नव्हता. नंतर वाचला आणि 1975 साली मूल आणि सावली ह्या विषयावर निबंधही लिहिला.

गेडच्या स्वभावाइतकाच त्याचा रंगही महत्त्वाचा आहे. गेड तांबूस तपकिरी कातडीचा आहे, व्हेच काळा आहे, आणि गोरे आहेत ते गावे लुटणारे कार्ग. ज्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली त्याच वर्षी हे पुस्तक निघाले. बाईंनी रंगाचा डंका वाजवला नाही. वाचक नायकात पुरता गुंतला की मग सहज एका वाक्यात त्याला कळते की ज्याला आपण आपला मानला तो गोरा नाही. पण बाजाराला ते पेलले नाही. कितीतरी मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला, आणि 2004 साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या मालिकेतही त्याची भूमिका गोऱ्या नटाने केली. बाईंनी तेव्हा जाहीरपणे लिहून निषेध नोंदवला. आम्ही गोव्यातली पोरे इंग्रजी गोष्टी वाचायचो तेव्हा नायक गोराच असणार हे न विचारता धरून चालायचो. माझ्याच कातडीचा मुलगा ह्या गोष्टीत आहे हे पहिल्या वाचनात माझ्याही ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या वाचनात ते वाक्य सापडले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो.

कादंबरीत उणीव नाही असे नाही. रोकच्या विद्यालयात फक्त मुलगे शिकतात. बाईमाणसाची जादू दुबळी आणि दुष्ट असते, अशा अर्थाच्या म्हणी गॉन्टवर प्रचलित आहेत आणि कथा त्यांना विरोध करत नाही. ज्या मावशीने पोराला पहिला शब्द शिकवला तिला पुढे कोणी विचारत नाही. लेखिका स्वतः बाई असून हे तिच्या हातून झाले. पण इथेही ती आपल्या नायकासारखीच वागली. बावीस वर्षांनी, 1990 साली, 'तेहानू' लिहून ती त्याच बेटावर परतली. त्या पुस्तकात गेडची सारी शक्ती संपलेली आहे आणि गोष्ट एका शेतकरी विधवेची व होरपळलेल्या मुलीची आहे. मागच्या पुस्तकांत जे दिसले नव्हते ते तिने मागे वळून पाहिले. 2018 च्या जानेवारीत त्या वारल्या, तोवर त्या हे काम करत होत्या.

आता माझ्या भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या साहित्यात चुकणारा मुलगा मुळीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी लिहिलेल्या 'श्यामची आई' मधला श्याम चुकतो, घाबरतो, लपतो. पोहायला जायला नको म्हणून माळ्यावर दडून बसतो आणि आईचा मार खातो. पण श्यामला सावरायला आई आहे. चूक झाली की ती रात्र संपण्याच्या आत आईचा शब्द येतो. गेडला आई नाही. त्याला आपली चूक स्वतःच हुडकत जगाच्या टोकापर्यंत जावे लागते. बहुतेक पोरांचे पंधरावे वर्ष श्यामपेक्षा गेडसारखे जाते, कारण त्या वयात आपण आईला खरे सांगत नाही.

कादंबरीच्या पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकले आहे की हा मुलगा पुढे महाआचार्य झाला, ड्रॅगनांशी बोलणारा झाला, त्याच्यावर वीरगीते रचली गेली. शेवटच्या पानावर लेखिका सांगते की त्याच्या नावाच्या त्या मोठ्या वीरगीतात सावलीच्या भेटीचा उल्लेखच नाही. म्हणजे त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराक्रम पोवाड्यात आला नाही. येणार तरी कसा? शाहीर गड जिंकल्याचे गातो. माझे चुकले, असे कोणी एका मित्राच्या साक्षीने समुद्रात म्हणाले, त्यावर डफ वाजत नाही. आपण पोरांना पोवाडे देतो आणि ते द्यायलाच हवेत. पण ज्ञानदेवांची आणि शिवरायांची टिपणे काढणाऱ्या मुलाला अधूनमधून हे पुस्तकही हाती द्यावे. आपल्यासारखा मुलगाही नायक होऊ शकतो, एवढे तरी त्याला कळेल.

मी ते भाच्याला दिले आहे. तो अजून रोकपर्यंतच पोचला आहे आणि जॅस्परवर भयंकर चिडला आहे.

राहता राहिली मानशीची गोष्ट. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तिशी उलटली होती. त्या वर्षी चवथीला मावसभाऊ घरी आला, तेव्हा माटोळी बांधताना आम्ही दोघेच होतो. तो वाकड्या हाताने दोरी धरून उभा होता. मी म्हटले, त्या दिवशी तुझा पाय घसरला नव्हता, मी तुला डिवचले होते, आणि घरी गप्प बसलो. त्याने दोरीची गाठ आधी नीट आवळली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, ''दादा, म्हाका खबर आसलें.''

मग आम्ही माटोळीला उरलेली फळे बांधली.